दीर्घ फँटसी मालिकांची तुलना कशी करावी: वाचक कोठे थांबतो आणि कोठे उठून जातो

दहा-दहा, चौदा-चौदा खंडांच्या एपिक फँटसी मालिकांची तुलना करायला बसले की चर्चा बहुधा दोनच वाटांनी जाते. जादूचे नियम कोणाचे अधिक काटेकोर, नकाशा कोणाचा मोठा, लढाया कोणाच्या रंगतदार अशी एक यादी तरी होते, किंवा 'ही आवडली, ती नाही आवडली' एवढ्यावर बोलणे संपते. चाळीस लाखांहून अधिक शब्दांच्या कथेत वाचक शेवटपर्यंत का टिकतो, आणि टिकला नाही तर नेमक्या कोणत्या पानावर पुस्तक मिटतो, हा खरा प्रश्न मात्र दोन्ही वाटांवर मागे पडतो. दीर्घ मालिका वाचकाच्या स्मरणशक्तीकडून सतत काही ना काही उसने घेत असते. हे नाव लक्षात ठेव, ही भविष्यवाणी विसरू नकोस, या दोन घराण्यांचे वैर मनात असू दे, असे तिचे मागणे असते. घेतलेले ती कधी आणि कसे परत करते, हे मोजता आले तर अगदी वेगळ्या प्रकृतीच्या मालिकाही शेजारी ठेवून पाहता येतात. पुढे मांडलेली पद्धत या एकाच कल्पनेवर उभी आहे. समीक्षा लिहिणाऱ्याला ती उपयोगी पडेल आणि स्वतः दीर्घ मालिका लिहू पाहणाऱ्यालाही.

आधी मालिकेची जात ओळखा

तुलनेतील पहिली चूक खंड हेच एकक धरण्यात होते. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' तीन खंडांत 1954 ते 1955 या काळात प्रसिद्ध झाली, पण टोल्किन यांनी ती एकच कादंबरी म्हणून लिहिली होती. तिचे तीन खंड झाले ते मुख्यतः युद्धोत्तर काळातील कागदाची टंचाई आणि छपाईचा खर्च यांमुळे. त्यामुळे तिचा दुसरा खंड 'अपुरा वाटतो' ही तक्रार कथेच्या रचनेपेक्षा बांधणीवरच अधिक जाते. याच्या अगदी उलट रॉबिन हॉब यांची 'रेल्म ऑफ द एल्डरलिंग्ज' ही मालिका आहे. 1995 ते 2017 या काळात आलेल्या तिच्या 16 कादंबऱ्या पाच उपमालिकांत विभागलेल्या आहेत आणि प्रत्येक उपमालिकेला स्वतःचा शेवट आहे. तेथे वाचकाला मध्येच थांबण्याची, समाधानाने पुस्तक मिटण्याची मुभा मिळते. रॉबर्ट जॉर्डन यांची 'द व्हील ऑफ टाइम' मुख्य 14 खंडांत एकच कथा सांगते. स्टीव्हन एरिक्सन यांच्या 'मलाझन बुक ऑफ द फॉलन'च्या 10 खंडांत बहुतेक खंडांना आपापले कथानक आणि आपापला कळसाध्याय आहे, पण त्या सर्वांना बांधणारा मोठा धागा बराच उशिरा हाती लागतो.

म्हणून तुलनेआधी प्रत्येक मालिकेसाठी एकक ठरवावे. एका कादंबरीची मालिका असेल तर संपूर्ण कथा हे एकक, उपमालिका असतील तर उपमालिका, आणि एकच अतिदीर्घ कथा असेल तर तिचे आपणच कथेच्या वळणांनुसार गट पाडावेत. 'द व्हील ऑफ टाइम'चे गट मी 1 ते 3, 4 ते 6, 7 ते 10 आणि 11 ते 14 असे पाडतो. दुसऱ्या कोणाला वेगळे गट पटतील आणि त्यात काही बिघडत नाही, फक्त ते गट का पाडले याचे कारण लिहून ठेवले पाहिजे.

मालिका आधी एकदा कसलीही टिपणे न घेता, केवळ आनंदासाठी वाचावी. पहिल्याच वाचनात हातात पेन्सिल धरली की उत्सुकता नैसर्गिक राहत नाही, आणि आपल्याला तर तीच मोजायची आहे. टिपणे दुसऱ्या वाचनात घ्यावीत, तीही प्रत्येक एककाच्या पहिल्या शंभर पानांवर, मधल्या एका सबंध खंडावर आणि शेवटच्या शंभर पानांवर. एवढे काम नेटाने केले तरी दोन मालिकांची तुलना करण्यास पुरेशी सामग्री हाती येते.

वचनांची वही

या पद्धतीचा गाभा म्हणजे एक साधी वही. कथा वाचकाच्या मनात जो प्रश्न निर्माण करते ते एक वचन असते, कारण त्याचे उत्तर मिळेल असा शब्द लेखकाने तेथे न बोलता दिलेला असतो. वहीच्या प्रत्येक ओळीत चार गोष्टी लिहाव्यात: प्रश्न कोणत्या पानावर उघडला, तो कोणत्या प्रकारचा आहे (रहस्य, धोका, नातेसंबंध, प्रवास किंवा एखाद्या पात्राचा नैतिक पेच), मध्ये त्याची आठवण कोठे करून दिली, आणि तो कोठे मिटला. मिटताना त्यातून नवा, अधिक मोठा प्रश्न निघाला असेल तर त्या ओळीपुढे खूण करावी, कारण चांगल्या मालिकेत उत्तर हेच बहुधा पुढच्या प्रश्नाचे दार असते.

सुरुवातीला मी प्रत्येक लहानसहान प्रश्न टिपत गेलो आणि वही इतकी फुगली की तिच्यातून काही वाचून काढणेच अशक्य झाले. नंतर मी एक कसोटी लावली. ज्या प्रश्नासाठी मी स्वतः रात्री आणखी एक प्रकरण वाचले असते, तेवढेच प्रश्न वहीत जातील. ही कसोटी व्यक्तिनिष्ठ आहे, पण ती दोन्ही मालिकांना सारखीच लावली की तुलना न्याय्य राहते.

त्यानंतर प्रश्नांची लांबी पाहावी. काही प्रश्न प्रकरणाच्या आत मिटतात, काही खंडाच्या अखेरीस, तर काही सबंध मालिकेभर चालतात. वाचक टिकतो तो या तिन्ही लांबींच्या विणीमुळे. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या मालिकेचा पहिला खंड (1996) या दृष्टीने बारकाईने वाचण्यासारखा आहे. त्याचे प्रास्ताविक प्रकरण उत्तरेकडील एका अमानवी धोक्याचा प्रश्न उघडते आणि नंतर तो धोका बराच काळ कथेच्या कडेला उभा राहतो. तरीही वाचक अधीर होत नाही, कारण दरम्यान राजाच्या प्रमुख मंत्र्याच्या मृत्यूचे कोडे त्याच्या हाती दिलेले असते आणि या कोड्याचे धागे प्रकरणागणिक थोडे थोडे उलगडतात. दूरचा धोका वाट पाहू शकतो, कारण जवळचे प्रश्न वाचकाला उपाशी ठेवत नाहीत. ब्रँडन सँडरसन यांच्या 'द स्टॉर्मलाइट अर्काइव्ह'मध्ये हीच गरज वेगळ्या रीतीने भागवलेली दिसते. दहा खंडांचा संकल्प असलेल्या या मालिकेच्या 2010 ते 2024 या काळातील पहिल्या पाच खंडांपैकी प्रत्येक खंड एखाद-दोन पात्रांच्या भूतकाळावर प्रकाश टाकतो. मोठी कथा अर्धवट राहिली तरी एका माणसाच्या आयुष्यातील कोडे त्या खंडापुरते बरेचसे उलगडते आणि हजारांहून अधिक पाने वाचून रिकाम्या हाताने परतल्याची भावना येत नाही.

वही भरल्यावर तिच्यात सर्वांत आधी शोधायचा तो कोरडा पट्टा, म्हणजे पानांचा असा सलग भाग ज्यात एकही जुना प्रश्न मिटत नाही आणि दखल घ्यावा असा नवा प्रश्नही उघडत नाही. तो किती पानांचा आहे आणि कोठे येतो, हे लिहून ठेवावे. माझ्या वाचनाचा अनुभव असा की असा पट्टा शंभर-दीडशे पानांपलीकडे गेला की डोळे ओळींवरून घसरू लागतात, मग गद्य कितीही सुंदर असो. दोन मालिकांच्या कोरड्या पट्ट्यांची लांबी आणि जागा शेजारी मांडणे, हे मला एकूण तुलनेतील सर्वांत बोलके कोष्टक वाटते.

पात्र किती पानांनी परतते

दीर्घ मालिकांत अनेकदा एकेक प्रकरण एकेका पात्राच्या नजरेतून सांगितले जाते. अशा वेळी पात्रांची संख्या मोजून थांबू नये, परतीचे अंतरही मोजावे. एखाद्या पात्राला संकटात सोडून कथा दुसरीकडे गेली की ती किती पानांनी त्याच्याकडे परतते, हे ते अंतर. मार्टिन यांच्या पहिल्या खंडात प्रास्ताविक प्रकरण वगळता 72 प्रकरणे आणि आठ दृष्टिकोन-पात्रे आहेत, म्हणजे सरासरी प्रत्येकाच्या वाट्याला नऊ प्रकरणे येतात. हे अंतर वाचकाला झेपते. पाचव्या खंडापर्यंत अशा पात्रांची संख्या दुपटीच्या आसपास जाते आणि एखादे आवडते पात्र भेटण्यासाठी बरेच अंतर चालावे लागते.

टोल्किन यांची रीत निराळी आहे. त्यांच्या दुसऱ्या खंडात पहिला अर्धा भाग सोबत्यांच्या एका गटाबरोबर आणि दुसरा अर्धा भाग पूर्णपणे दुसऱ्या गटाबरोबर जातो. येथे परतीचे अंतर मोठे आहे, पण वाचकाला वारंवार सोडून जाणे आणि पुन्हा रुळणे असा त्रास नाही. हॉब यांच्या ज्या उपमालिका एका पात्राच्या प्रथमपुरुषी निवेदनात चालतात, त्यांच्यापुढे परतीचा प्रश्नच उद्भवत नाही. त्याची किंमत त्यांना वेगळ्या रूपाने मोजावी लागते, कारण नायक जेथे नाही तेथील घटना पत्रांतून, बातम्यांतून किंवा जादूच्या संपर्कातूनच कळवाव्या लागतात. एरिक्सन यांनी सर्वांत धाडसी मार्ग निवडला. 'मलाझन'चा दुसरा खंड वेगळ्याच खंडभूमीवर सुरू होतो आणि पाचव्या खंडात पुन्हा नवी भूमी आणि जवळपास सर्वस्वी नवी पात्रे येतात. तेथे परतीचे अंतर पुस्तकांत मोजावे लागते. अशा मालिकेची नोंद करताना एक जादा प्रश्न विचारावा: नव्या पात्रांच्या कथेत जुन्या वाचकाला ओळखीचे काय सापडते? एखादी देवता, एखादे दुरून आलेले वृत्त किंवा जुन्या घटनेचा दुसऱ्या बाजूने दिसणारा परिणाम, एवढ्या खुणांवर वाचक बराच धीर धरतो. खुणाच नसतील तर तो नव्या पुस्तकाला परके समजतो.

मधल्या खंडांची परीक्षा

पहिला खंड नावीन्यावर चालतो आणि शेवटचा खंड निकालाच्या ओढीवर. मालिकेची खरी परीक्षा मध्ये असते आणि तुलनेतील सर्वाधिक वेळ येथेच द्यावा, असे माझे ठाम मत आहे.

मधल्या खंडाला तीन प्रश्न विचारावेत. कथेतील काळ किती पुढे सरकला? किती प्रमुख पात्रांची परिस्थिती पुन्हा पूर्ववत होणार नाही इतकी बदलली? आणि हा खंड वगळून पुढचा वाचला, तर वाचकाला समजावून सांगण्यासाठी किती मजकूर लागेल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'दोन परिच्छेद' असे आले तर त्या खंडात कथा साचली आहे असे समजावे. 'द व्हील ऑफ टाइम'चा नववा खंड (2000) एका प्रचंड घटनेवर संपतो. त्यानंतर 2003 मध्ये आलेला दहावा खंड आपला मोठा भाग ती घटना घडत असताना इतर पात्रे कोठे होती आणि काय करत होती, हे दाखवण्यात घालवतो. घड्याळ मागे नेऊन पुन्हा त्याच क्षणाकडे येण्याचे हे तंत्र एखाद्या प्रकरणात प्रभावी ठरते. दोन वर्षांहून अधिक काळ वाट पाहिलेल्या वाचकासमोर ते खंडभर चालले की काय होते, हे त्या पुस्तकावर झालेल्या टीकेवरून दिसते. परंतु तुलना प्रामाणिक हवी असेल तर 2005 मधील अकरावा खंडही लगेच वाचावा, कारण दहाव्या खंडात ताणलेले कितीतरी धागे तेथे वेगाने गाठीला येतात. कोरडा पट्टा किती लांब, एवढेच पाहून चालत नाही. त्यानंतर काय मिळाले, तेही वहीत आले पाहिजे.

मजकूर एका पुस्तकात मावेनासा झाला की तो कसा कापायचा, हाही मधल्या खंडांचा प्रश्न असतो. मार्टिन यांनी चौथा (2005) आणि पाचवा (2011) खंड काळानुसार न कापता पात्रांनुसार आणि प्रदेशांनुसार वेगळे केले आणि चौथ्या खंडाच्या अखेरीस वाचकांना त्याचे स्पष्टीकरणही दिले. काळानुसार कापले असते तर सर्व पात्रे थोडी थोडी भेटली असती आणि सर्वांच्याच कथा अर्धवट राहिल्या असत्या. प्रदेशानुसार कापल्यामुळे निवडक पात्रांची कथा अधिक सलग झाली, पण वाचकांच्या अतिशय लाडक्या काही पात्रांची प्रकरणे 2000 नंतर थेट 2011 मध्येच वाचायला मिळाली. दोन्ही पर्यायांत तोटा आहे. कोणता तोटा पत्करला आणि तो वाचकाच्या कोणत्या अपेक्षेवर पडला, हे सांगणे तुलना करणाऱ्याचे काम आहे.

मधला खंड दुबळाच असतो असा समज मात्र करून घेऊ नये. उर्सुला के. ले ग्विन यांच्या 'अर्थसी'तील 1971 च्या दुसऱ्या पुस्तकात नवी नायिका, नवी बंदिस्त जागा आणि निराळा धर्माचार येतो, तर पहिल्या पुस्तकाचा नायक बऱ्याच उशिरा प्रवेश करतो. एन. के. जेमिसिन यांच्या 'ब्रोकन अर्थ' या त्रयीच्या दुसऱ्या खंडात नायिकेच्या मुलीची नजर कथेत येते आणि एकाच जगाकडे पाहण्याचा कोन बदलतो. या त्रयीच्या तिन्ही खंडांना 2016, 2017 आणि 2018 अशी सलग तीन वर्षे सर्वोत्तम कादंबरीचा ह्यूगो पुरस्कार (विज्ञानकथा आणि फँटसीसाठीचा) मिळाला. या दोन्ही लेखिकांनी मधल्या खंडाला जोडपूल मानले नाही, त्याला स्वतःचा प्रश्न आणि स्वतःचे माणूस दिले, आणि म्हणून तो तग धरतो.

स्मरणाला दिलेले आधार

मालिका लक्षात ठेवायला मदत कशी करते, याची नोंद थोडक्यात पण न चुकता करावी. पात्रसूची, शब्दसूची, नकाशे, मागील कथेचा सारांश हे उघड आधार झाले. टोल्किन यांच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या खंडांच्या आरंभी मागील भागाचा सारांश दिलेला आहे. ही युक्ती फार जुनी आहे, कारण महाभारताच्या आदिपर्वातील पर्वसंग्रहातही अठरा पर्वांत काय काय येणार हे श्रोत्याला आधीच सांगून टाकलेले असते. कथेच्या अंगातच विणलेले आधार अधिक लक्ष देण्याजोगे असतात. 'द व्हील ऑफ टाइम'च्या प्रत्येक खंडाचे पहिले प्रकरण कालचक्राच्या आणि उठणाऱ्या वाऱ्याच्या जवळपास त्याच परिच्छेदाने सुरू होते. कीर्तनातील ध्रुवपदासारखा तो परिच्छेद वाचकाला क्षणात जुन्या जगात आणून बसवतो. नावे एकमेकांपासून पुरेशी वेगळी आहेत का, आणि बऱ्याच काळाने परतणारे पात्र त्याच्या एखाद्या लकबीने ओळखू येते का, तेही पाहावे.

खंडांमधली वर्षे

प्रकाशनाच्या तारखांचा रकाना अवश्य ठेवावा. 'मलाझन'चे दहाही खंड 1999 ते 2011 या बारा वर्षांत आले. मार्टिन यांचे पहिले तीन खंड 1996 ते 2000 या चार वर्षांत आले आणि पुढचे दोन येण्यास अकरा वर्षे गेली. एकाच सुट्टीत सलग वाचणारा आणि खंडामागून खंडाची वाट पाहिलेला, हे दोन वेगळे वाचक आहेत. एकाला जी पुनरुक्ती वाटते ती दुसऱ्याला आठवण वाटते. आपण कोणाच्या वतीने बोलत आहोत, हे तुलनेत स्पष्ट लिहावे. लेखक बदलला असेल तर तीही नोंद हवी. जॉर्डन यांचे 2007 मध्ये निधन झाल्यावर त्यांच्या टिपणांच्या आधारे सँडरसन यांनी 2009, 2010 आणि 2013 मध्ये शेवटचे तीन खंड पूर्ण केले. त्या तीन खंडांतील वाढलेल्या वेगाचे श्रेय केवळ कथेला देता येणार नाही.

शेवट तपासताना दोनच आकडे काढावेत: वहीतील दीर्घ प्रश्नांपैकी किती मिटले, आणि कळसानंतर किती पाने उरतात. टोल्किन यांच्या कथेचा कळस तीन खंडांत मिळून असलेल्या सहा भागांपैकी शेवटच्या भागाच्या तिसऱ्या प्रकरणात येतो आणि त्यानंतर सहा प्रकरणे शिल्लक असतात. ती सहा प्रकरणे कोणाला लांबण वाटतात, पण एवढ्या मोठ्या प्रवासानंतर वाचकाला निरोप घ्यायलाही अवधी लागतो आणि तो तेथे दिला आहे, असे मला मनापासून वाटते.

तुलना लिहायला घेताना

आपल्या लेखाचा वाचकही टिकला पाहिजे. म्हणून एक मालिका संपवून दुसरी घ्यायची, अशी मांडणी टाळावी, कारण ती दोन सारांश एकमेकांना चिकटवल्यासारखी दिसते. एक प्रश्न घ्यावा, त्यावर दोन मालिका समोरासमोर ठेवाव्यात आणि मग पुढच्या प्रश्नाकडे जावे. एका लेखात तीनपेक्षा अधिक मालिका घेऊ नयेत. आरंभी जगाचा इतिहास सांगण्याऐवजी एकच प्रसंग निवडावा आणि तो उत्सुकता कशी निर्माण करतो ते उलगडून दाखवावे. पात्रांचा परिचय नावापेक्षा भूमिकेतून द्यावा, कारण मालिका न वाचलेल्या माणसाला सहा अनोळखी नावे एकदम दिली की तो आपल्याही लेखातून उठून जातो. रहस्यभेदाची मर्यादा पहिल्याच परिच्छेदात जाहीर करावी, उदाहरणार्थ 'या लेखात तिसऱ्या खंडापर्यंतच्या घटनांचा उल्लेख आहे', आणि ती शेवटपर्यंत पाळावी. बहुतेक वेळा काय घडले हे न सांगता, ते किती पानांच्या प्रतीक्षेनंतर घडले आणि त्याने किती प्रश्न मिटवले, एवढे सांगून मुद्दा पुरेपूर मांडता येतो.

अपूर्ण मालिकांच्या बाबतीत शेवटाचा रकाना कोरा सोडावा आणि तो अंदाजाने भरण्याचा मोह आवरावा. मार्टिन यांच्या सात खंडांच्या संकल्पापैकी पाचच प्रसिद्ध झाले आहेत, तेव्हा त्यांचे पहिले तीन खंड हे एक एकक धरून दुसऱ्या मालिकेच्या पहिल्या तीन खंडांशी तुलना करता येते. चौथा-पाचवा खंड वेगळ्या पानावर, उघड्या प्रश्नांच्या यादीसह नोंदवावेत आणि प्रत्येक प्रश्नापुढे उत्तराचा पृष्ठक्रमांक लिहिण्यापुरती जागा राखून ठेवावी.